आगही हवी, मापही हवे

एडवण, कोरे, दातिवरे, उसरणी, केळवे, माहीम या पालघरच्या किनारपट्टीत धारेचे हत्यार नसलेले घर शोधून सापडणार नाही. वाडीत झावळ्या तोडायला कोयता आहे, ताडीच्या झाडावर चढणाऱ्याच्या कमरेला त्याचे वेगळे पाते आहे, होडीत दोर कापायला सुरी आहे, ओट्यावर मासळीसाठी विळी आहे. हत्यारे भरपूर आहेत, पण ती घडवणारे हात कमी होत चालले आहेत. तयार कोयता बाजारात मिळतो, चाकू ऑनलाइन घरपोच येतो, आणि लोहाराचा मुलगा भात्याजवळ न बसता बोईसरला कंपनीत जातो. त्यात त्या मुलाला दोष देता येणार नाही. जिथे पोट भरत नाही तिथे कुणी का बसावे?

म्हणून हे आवाहन जुने दिवस परत आणा असे सांगण्यासाठी नाही. मागणी छोटी आहे. खिशात मावणारा, तीन इंची पात्याचा घडीचा चाकू स्वतःच्या हाताने करायला शिका, आणि ज्यांना लोखंडाचे काम येते त्यांनी दोघातिघांना तो करायला शिकवा. हे सांगणे तिघांना आहे : गावातल्या लोहाराला, तारापूर-बोईसरच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या फिटर-टर्नरला, आणि दहावी-बारावीनंतर पुढे काय या विचारात असलेल्या मुलामुलींना.

घडीचाच चाकू का?

कोयत्याला आग कळणारा माणूस पुरतो. लोखंड किती लाल झाले, कुठल्या क्षणी पाणी द्यायचे, म्हणजे बुडवून कडक करायचे, हे लोहार डोळ्यांनी ओळखतो. कोयत्याची मूठ अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाली तरी झावळी तुटायची राहत नाही. घडीच्या चाकूत मात्र सांधा आला. पाते दोन पट्ट्यांच्या मधून फिरते. सांधा सैल राहिला तर पाते डुलते, घट्ट झाला तर नखाने उघडत नाही, भोक जरा तिरपे पडले तर मिटताना पात्याची धार पट्टीला घासून बोथट होते. इथे काम कागदाच्या जाडीवर येते.

ते माप कळणारी माणसेही आपल्याकडेच आहेत. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे. शेजारच्या औद्योगिक वसाहतीत पोलादापासून औषधांपर्यंतचे कारखाने आहेत. पालघर, सफाळे, केळवे भागातल्या किती घरांतला कर्ता माणूस व्हर्निअर, फिलर गेज आणि रीमर हातात घेऊन आयुष्यभर राबला, हे ज्याचे त्याला माहीत आहे. असा माणूस निवृत्त होतो, वाडीत पाणी शिंपतो, नातवंडांना स्टेशनवर सोडतो. शंभरांश मिलिमीटर ओळखणारी त्याची बोटे पुढे कुणाला काही सांगत नाहीत. तिकडे लोहाराला पोलादाचा रंग कळतो, पण त्याला विचारायला कुणी येत नाही. आग जाणणारा आणि माप जाणणारा, दोघे एकाच तालुक्यात राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. घडीचा चाकू या दोघांना एका बाकावर बसवतो, आणि शिकणाऱ्याला एका वस्तूत मोजणे, कानस मारणे, भोक पाडणे, पाणी देणे, सांधा बसवणे आणि धार लावणे हे सगळे शिकवतो.

हा सांधा आपल्याला नवा नाही. न्हाव्याचा जुना वस्तरा म्हणजे बिनस्प्रिंगचा घडीचा चाकूच. पानदानातला अडकित्ता एका खिळीवर फिरतो. पाते पाटावर मिटणारी घडीची विळी तर अनेक स्वयंपाकघरांत रोज वापरात आहे. या तिन्ही वस्तू समोर ठेवून नीट पाहिल्या तर पहिला धडा तिथेच मिळेल.

शिकवणे थांबले की काय होते

जपानमध्ये हिगोनोकामी नावाचा साधा घडीचा चाकू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बनतो. मिकी हे गाव त्यासाठी प्रसिद्ध. शाळकरी मुले त्याने पेन्सिली तासत. १९६० च्या दशकात मुलांच्या हाती चाकू नको अशी हवा पसरली, शाळांतून तो गेला, मागणी आटली, आणि एकेक कारागीर बंद झाला. आज त्या नावाने चाकू करणारे एकच घराणे उरले आहे. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा खटक्याचा चाकू हिंदी सिनेमाने गुंडाच्या हातात दिला, पुढे पात्याच्या लांबीवर बंधने आली, आणि कारागीर दुसऱ्या धंद्याला लागले. २०२३ मध्ये शहराने चौकात २० फुटी चाकू उभारला. चौकात चाकू उभा राहिला म्हणून कारखान्यात शिकाऊ मुलगा येतोच असे नाही.

फ्रान्समधल्या तिएर गावाने वेगळा रस्ता धरला. चाकूसाठी शतकानुशतके ओळखले जाणारे हे गाव आजही धंद्यावर टिकून आहे, आणि तिथे येणारा पाहुणा कारागिराशेजारी बसून तयार भागांपासून स्वतःचा चाकू जोडून नेतो. ज्याने स्वतः एकदा खिळी ठोकली आहे त्याला हातकामाची किंमत का पडते ते सांगावे लागत नाही. आपल्या केळव्याच्या किनाऱ्यावर सुट्टीला येणाऱ्यांची कमतरता नाही, हे लोहारदादांनी लक्षात ठेवावे.

पहिला चाकू : साधा करा

पहिल्या चाकूला स्प्रिंग नको, खटका नको, कुलूप नको. पाते, दोन पट्ट्या, एक फिरती खिळी आणि मागे पाते अडवणारी एक पिन, एवढेच पुरे. पाते नुसत्या घर्षणाने जागेवर राहील. स्प्रिंगचा चाकू तिसरा-चौथा करा.

आधी जाड पुठ्ठ्यावर पाते आणि मूठ कापा आणि टाचणीवर फिरवून पाहा. मिटल्यावर टोक मुठीत पूर्ण लपते का? उघडल्यावर पाते सरळ रेषेत येते का? पुठ्ठ्यावर सुधारायला दोन मिनिटे लागतात, पोलादावर दोन दिवस.

पोलाद निवडताना भंगारवाल्याच्या दुकानात डोळे उघडे ठेवा. सळई किंवा साधा पत्रा घेऊ नका. त्यात कार्बन इतका कमी असतो की कितीही तापवून पाणी दिले तरी धार टिकत नाही. पात्याला साधारण ०.६ ते १ टक्का कार्बन हवा. गाडीचा जुना पाटा, चांगल्या कंपनीची जुनी कानस, बेअरिंगची कडी यांत तो मिळतो. ग्राइंडरवर ठिणगी पाहा : साध्या लोखंडाची ठिणगी लांब, सरळ जाते, कार्बनवाल्या पोलादाची फुटते आणि तिला फांद्या येतात. हे लोहाराकडून शिका, तो एका नजरेत सांगेल. दोन गोष्टी मात्र कधीच भट्टीत टाकू नका. एक म्हणजे जस्ताचा मुलामा असलेले लोखंड, कारण त्याचा धूर विषारी असतो. दुसरी म्हणजे रासायनिक कारखान्यातून आलेला पाइप किंवा पिंप. त्यात काय होते ते कळायला मार्ग नसतो, आणि आपल्या भागात असले भंगार सहज हाताला लागते.

पाते अडीच ते तीन मिलिमीटर जाड ठेवा. फिरत्या खिळीचे भोक पाणी देण्याआधीच पाडा, कारण कडक झालेल्या पात्यात साधे ड्रिल चालत नाही. इथे फिटरकाकांचे ऐका. हातातले ड्रिल तिरके जाते, म्हणून भोक उभ्या ड्रिल मशीनवरच पाडावे. दोन्ही पट्ट्या आणि पाते एकत्र आवळून एकाच फेरीत भोक पाडले तर तिन्ही एका रेषेत राहतात. भोक थोडे लहान पाडून रीमरने मापावर आणा. खिळी बोटाच्या दाबाने आत गेली पाहिजे आणि गेल्यावर हलता कामा नये.

मग आग. इथे लोहाराचे राज्य. पाते सावकाश, सारखे तापवा. पोलाद ७७० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की चुंबकाला चिकटायचे थांबते. त्याच्या थोडे वर, पाते सगळीकडे एकसारखे लाल दिसले की ते टोक खाली करून सरळ तेलात बुडवा. हे काम सावलीत करा, उन्हात रंग फसवतो. तेल साधे खाद्यतेल, ५०-६० अंशांपर्यंत कोमट केलेले. इंजिनचे जळके तेल वापरू नका, त्याचा धूर घातक असतो. तेल लोखंडी भांड्यात घ्या आणि झाकण हाताशी ठेवा. तेलाने पेट घेतला तर झाकण टाकायचे, पाणी कधीही ओतायचे नाही.

थंड झालेल्या पात्यावर कानस फिरवा. कानस घसरली तर पाते कडक झाले. पण या अवस्थेत ते काचेगत ठिसूळ असते, फरशीवर पडले तर तुटेल. म्हणून ते लगेच पुन्हा हलके तापवा : साधारण २०० अंशांवर दोन तास, थंड करून परत दोन तास. घरचा ओव्हन चालेल, पण आत वेगळा थर्मामीटर ठेवा. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर फिकट पिवळा रंग आला की धारेला योग्य. पुढे स्प्रिंगचा चाकू कराल तेव्हा त्याच पोलादाची स्प्रिंग ३०० अंशांच्या आसपास, निळा रंग येईपर्यंत न्यावी लागेल. एकच पोलाद, पण धारेला पिवळे आणि लवचीकपणाला निळे. हे रंग पुस्तकात छापलेले आहेत. ते उजेडात ओळखायला मात्र शेजारी जाणता माणूस लागतो.

पोलाद नवे असेल तर खऱ्या पात्याआधी त्याच तुकड्याची एक पट्टी कडक करून शिकंज्यात धरा आणि तोडून बघा. तुटलेल्या जागी दाणा बारीक, करडा असेल तर आग बरोबर होती. खडबडीत आणि चकाकता असेल तर जास्त तापवले. अमेरिकेत १९७६ साली स्थापन झालेल्या ब्लेडस्मिथ सोसायटीच्या परीक्षेत उमेदवाराला आपला सुरा आधी दोर आणि लाकूड कापून, त्यानंतरही केस उतरवता येतात हे दाखवून, शेवटी काटकोनात वाकवून द्यावा लागतो. परीक्षेअंती तो सुरा वाया जातोच. शिकवणाऱ्याने हा धडा घ्यावा. जो शिष्य स्वतःची वस्तू तोडून बघायला घाबरत नाही, तो लवकर शिकतो.

मुठीला लाकूड बाहेरून मागवायची गरज नाही. चिंच, बाभूळ, शिसव चालेल. जुन्या माडाच्या किंवा ताडाच्या खोडाचा बाहेरचा गडद भाग कठीण असतो आणि पॉलिश केल्यावर देखणा दिसतो. लाकूड पुरते वाळलेले हवे. आपल्या दमट हवेत ओले लाकूड बसवले तर पुढे ते आकसते आणि सांधा बिघडतो. शेवटची खिळी ठोकताना पाते आणि पट्टीच्या मध्ये तेल लावलेला कागदाचा तुकडा ठेवा, ठोकून झाल्यावर ओढून काढा. तेवढीच जागा पाते फिरायला राहते.

धार दोन्ही बाजूंनी साधारण वीस अंशांवर लावा, आधी जाड दगड, मग बारीक. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला बोटाला लागणारी बारीक कड येते. ती पूर्ण लांबीवर आली की बाजू बदला. शेवटी कातडी पट्ट्यावर उलटे ओढा. आणि समुद्राकाठी राहतो हे विसरू नका. खारी हवा कार्बन पोलादाला रात्रीत गंज चढवते. वापरल्यावर पुसा, सांध्यात तेलाचा थेंब सोडा, आणि चाकू चामड्याच्या पाकिटात कायमचा ठेवू नका, चामडे ओल धरते.

शिकवणाऱ्यांना चार शब्द

एका वेळी तीनपेक्षा जास्त शिष्य घेऊ नका. भट्टीजवळ चौथ्याकडे लक्ष राहत नाही. पहिल्या दिवशी आग पेटवू नका. दिवसभर एकच पट्टी कानसने सपाट करायला द्या आणि गुण्याला लावून उजेडात पाहायला शिकवा. ज्याला कंटाळा येईल तो दुसऱ्या दिवशी येणार नाही. जो येईल त्याच्यावर मेहनत घ्या. त्याच्या हातातून काम काढून घेऊन स्वतः पूर्ण करून देऊ नका. वाकडे झाले तर वाकडे होऊ द्या, पण त्याच्या हातून पूर्ण होऊ द्या.

डोळ्यांना चष्मा, ग्राइंडरवर तोंडाला मास्क, अंगात सुती कपडे. सिंथेटिक कापड ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. ड्रिल आणि ग्राइंडरवर हातमोजे घालू नका, फिरता भाग त्यांना ओढून घेतो. केस बांधलेले, ओढणी काढून ठेवलेली. रेतीची बादली आणि प्रथमोपचाराची पेटी दारात ठेवा.

मुलींना शिकवा. हे काम बायकांचे नाही असे म्हणणाऱ्याने रस्त्याकडेला पाल टाकणाऱ्या घिसाडी कुटुंबाकडे बघावे. पुरुष सांडशीत लोखंड धरतो आणि बाई घण घालते.

फुकट शिकवू नका. सामानाचा खर्च शिष्याने द्यावा, आणि शिकवण्याचेही थोडे घ्या. पहिला चाकू शिष्याचा, तो विकायचा नाही. दुसरा गुरूला द्यायचा. तिसऱ्यापासून कमाईचा विचार.

कायद्याची बाजू आधीच समजून घ्या

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू-सुरे शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. तीन इंची चाकू या मर्यादेच्या खूप आत आहे. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सण, निवडणूक किंवा तणावाच्या काळात मनाईचे आदेश निघतात आणि त्यांत चाकू बाळगण्यालाही बंदी असते. असा आदेश असताना चाकू घरीच ठेवा. विमानात हातातल्या बॅगेत नेऊ नका. खटका दाबताच उघडणारे, लांब टोकदार, सिनेमातले चाकू करू नका आणि कुणी मागितले तरी करून देऊ नका. अल्पवयीन मुलाला विकू नका. आईवडिलांच्या संमतीने शिकवा. भट्टी सुरू करण्याआधी ग्रामपंचायतीत आणि पोलीस ठाण्यात जाऊन काय शिकवणार ते सांगून या. उघडपणे चालणाऱ्या कामावर संशय येत नाही.

मदत कुठे मिळेल

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत लोहार आहे, अवजारे बनवणाराही आहे. वय १८ पूर्ण हवे, घरातल्या एकालाच लाभ मिळतो. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख, दुसऱ्यात २ लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. नोंदणी सीएससी केंद्रात होते. लोहारदादांना हे फॉर्म भरणे जमत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी ते भरून द्यावेत.

शाळांनाही वाव आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत शिकण्यासाठी सुचवले आहेत. त्या वयात चाकू नको, पण कानस, लहान शिकंजा, पुठ्ठ्यावरचा सांधा आणि लोहाराची भट्टी लांबून पाहणे नक्की जमेल. हाताने शिकणे ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीमची परिषद भरली. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, आणि शाळेत न रमलेली मुले तिथे वर्कशॉप, शेती, वीज आणि घरबांधणी प्रत्यक्ष करून शिकली. ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी पाबळ पाहून यावे.

कुणी विचारेल, पन्नास रुपयांत चाकू मिळत असताना हा उद्योग कशाला? खरे उत्तर असे, की नुसत्या चाकूंवर संसार चालणार नाही, निदान सुरुवातीला नाही. पण ज्याला पाते, सांधा आणि पाणी देणे येते तो कोयता दुरुस्त करू शकतो, कात्रीला धार लावू शकतो, होडीच्या इंजिनाचा साधा भाग बसवू शकतो, आणि कारखान्यात मुलाखतीला गेला तर हातात करून आणलेली वस्तू दाखवू शकतो. ती वस्तू उघडून-मिटून पाहिली की समोरच्या फोरमनला कळते की या मुलाला माप समजते.

आता काम तुमचे. निवृत्त फिटरकाकांनी या आठवड्यात गावातल्या लोहाराकडे एक चक्कर मारावी आणि बोथट विळी हे निमित्त करावे. लोहारदादांनी त्यांना बसायला पाट द्यावा. मुलांनी दोघांनाही विचारावे, आम्हाला शिकवाल का? विचारल्याशिवाय कुणी शिकवत नाही. बाकीच्यांनी निदान घरची धार लावायची हत्यारे फेकून न देता लोहाराकडे न्यावीत आणि मागेल ती मजुरी घासाघीस न करता द्यावी. येत्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा होईल, तेव्हा त्या पाटावर आपल्या हाताने केलेला निदान एक चाकू ठेवायचाच, असे आजच ठरवा आणि कामाला लागा.